सातवी अळी

वहीच्या त्या पानावर सातव्या ओळीत मी निळ्या शाईने ‘मृत’ असे लिहिले होते. मेणपतंगाच्या अळ्यांना जिवाणूंचा संसर्ग देऊन चांदीचे एक संयुग त्यांना वाचवते का, हे मी पाहत होते. संसर्ग दिल्याला चोवीस तास पूर्ण झाले होते, काचेच्या डिशमध्ये गोल गाळणकागदावर दहा अळ्या होत्या आणि मी नेहमीप्रमाणे चिमट्याच्या बोथट टोकाने एकेकीला हलकेच डिवचत होते. नऊ जणींनी काही ना काही उत्तर दिले. कोणी अंग वळवले, कोणी उताणी करताच झटक्यात पालथी झाली, कोणी नुसतेच डोके हलवले. सातवीने काहीच केले नाही. तिच्या पाठीवर करडी छटा आली होती आणि एका कडेला दोन-तीन काळे ठिपके उमटले होते. मी तिला पुन्हा डिवचले, उताणी करून ठेवली, मनात दहापर्यंत आकडे मोजले, तो शब्द लिहिला आणि पुढे सरकले. मेलेल्या अळ्या लगेच बाहेर काढाव्यात असा शिरस्ता आहे; पण अजून दोन डिश मोजायच्या होत्या आणि उशीर झाला होता, म्हणून ते काम मी सकाळवर टाकले. सकाळी झाकण उचलले तर सातवी अळी ठेवल्या जागी नव्हती. काच आणि कागद यांच्यामधल्या खाचेत ती जाऊन बसली होती आणि तिच्याभोवती, श्वास लागला तरी हलतील इतके विरळ, रेशमाचे चार-सहा धागे होते.

ती कोष विणत होती.

मेणपतंगाच्या या अळ्या दोन-तीन सेंटिमीटर लांब असतात, साधारण पाव ग्रॅम वजनाच्या, सायीच्या रंगाच्या. मधमाश्या पाळणाऱ्यांच्या लेखी हा प्राणी म्हणजे घरात शिरलेला चोर; पोळ्यातले मेण, पराग, माश्यांच्या पिल्लांनी टाकलेल्या काती, सगळे पोखरत तो पुढे जातो आणि मागे रेशमाची भुयारे ठेवतो. जीवांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५८ साली त्याचे नामकरण करताना मधाचाच संदर्भ नावात गुंफला. आमच्याकडे मात्र त्या लाकडाच्या भुशात, अंधारात, पंधरा अंशांच्या आसपासच्या गारव्यात झोपाळल्यासारख्या पडून असतात, कारण ऊब मिळाली की त्या लगेच कोषाच्या तयारीला लागतात. डबा उघडताच भुशाचा कोरडा वास येतो आणि त्याखाली किंचित गोडसर, जुन्या मेणाचा म्हणता येईल असा दुसरा वास. निवड करताना मी त्यांना हातमोज्याच्या तळव्यावर घेते. ठिपका असलेली नको, फार बारीक नको, आळसावलेली नको. गारठ्यातून आलेली अळी तळव्याची ऊब लागताच चालू लागते आणि तिच्या पायांची पकड पातळ रबरातूनही जाणवते. पहिल्या वर्षी मला त्याची किळस येत असे. पुढे ती किळस कुठे गेली हे मला सांगता येणार नाही, पण तिच्या जागी जे आले त्याला माया म्हणणेही खोटेपणाचे होईल.

त्या दिवसांत माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर तपकिरी-काळे डाग होते. चांदीच्या क्षारांशी काम करणाऱ्याच्या बोटांवर ते कधी ना कधी उमटतातच. सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण पाण्यासारखे नितळ असते. हातमोज्याच्या एखाद्या बारीक छिद्रातून ते कातडीला लागते तेव्हा काही कळत नाही. काही तासांनी, उजेडात, कातडीतच चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि डाग उगवतो. तो साबणाने जात नाही, घासून जात नाही, कातडीचा तेवढा थर झडेपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणूनच आमच्या सगळ्या बाटल्या तपकिरी काचेच्या आणि वर चंदेरी कागदात गुंडाळलेल्या असतात. चांदीचे औषधी पुराण मोठे आहे, पण मला त्यातली एकच गोष्ट नेहमी लक्षणीय वाटते, ती म्हणजे चांदी बहुतेक काळ शरीराच्या उंबरठ्यावरच थांबली आहे. १८८० साली लाइपझिगच्या कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत तिच्या क्षाराचा थेंब टाकायला सुरुवात केली आणि जन्मवेळच्या संसर्गाने येणारे अंधत्व झपाट्याने घटले. १९६८ साली चार्ल्स फॉक्स यांनी भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर सल्फाडायझीन पुढे आणले. डोळा, जखम, नळीचा पृष्ठभाग, पट्टीचे कापड, सगळे बाहेरचे. आत जाताच चांदीची अडचण होते. जिवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकाला ती घट्ट चिकटते म्हणून तर ती त्याला मारते. पण तसेच गंधक आपल्याही प्रथिनांत असते, आणि रक्तातला क्लोराइड तिला अविद्राव्य करून मध्येच अडवतो. परीक्षानळीत मूठभर प्रमाणात चमत्कार करणारे संयुग देहात शिरताच वाटेतच सांडून जाते.

म्हणून रसायनशास्त्रज्ञ चांदीच्या अणूला कुणीतरी सोबती देतात. हा सोबती तिला धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, निदान तशी अपेक्षा असते. आयर्लंडमधील मेनूथच्या संशोधकांनी २००९ साली चांदी आणि फिनॅन्थ्रोलिन नावाचा सेंद्रिय रेणू यांचे एक संयुग कँडिडा बुरशीचा संसर्ग दिलेल्या मेणपतंगाच्या अळ्यांना देऊन पाहिले, आणि २०१४ साली कार्बीन प्रकारच्या रेणूने बांधलेल्या चांदीचे. माझ्या वाट्याला आलेले संयुग याच दुसऱ्या कुळातले होते. ते पांढरे, पिठासारखे आणि पाण्यात न विरघळण्याच्या बाबतीत अत्यंत हट्टी होते. आधी डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात विरघळवायचे, मग पाण्याने सौम्य करायचे, आणि सौम्य करताना ते पुन्हा गढूळ होते की काय हे उजेडाकडे धरून पाहायचे. पण उजेडाकडे फार वेळ धरायचे नाही.

टोचणे हे खरे तर हाताचे काम आहे, डोक्याचे नाही. अळीला अंगठा आणि बोट यांच्या मध्ये उताणी धरायची, मागच्या बाजूच्या मांसल, गुबगुबीत पायांच्या जोड्यांतली शेवटची जोडी शोधायची आणि तिच्यातल्या डाव्या पायाच्या बुडाशी सुईचे टोक अलगद आत सारायचे. सुई खोल गेली तर आतडे फाटते आणि अळी संसर्गाने नव्हे तर माझ्यामुळे मरते. दहा मायक्रोलिटर आत सोडायचे, क्षणभर थांबायचे, सुई काढायची. पाय आपोआप आक्रसतो आणि भोक बुजते. डावीकडून जिवाणू, मग अर्ध्या-पाऊण तासाने उजवीकडून औषध. दहा मायक्रोलिटर म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा थेंब, म्हणून त्याचे काही वाटत नाही. एकदा नव्याने आलेल्या विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, तिच्या मानाने हे किती झाले?” मी सहज हिशेब केला. अडीचशे मिलिग्रॅमच्या देहात दहा मिलिग्रॅम पाणी, म्हणजे वजनाच्या चार टक्के. साठ किलोच्या माणसाला एका दमात जवळजवळ अडीच लिटर टोचल्यासारखे, आणि आम्ही ते दोनदा करतो. ती काही बोलली नाही. मीही पुढची अळी उचलली. पण तेव्हापासून नुसते मिठाचे पाणी टोचलेल्या अळ्यांच्या डिशकडे मी जरा जास्त आदराने पाहते. त्यांच्यावर काहीच प्रयोग नाही असे आपण म्हणतो, ते तितकेसे खरे नाही.

टोचल्यानंतर अळ्या सदतीस अंशांच्या उबेत जातात. हाच त्यांचा मोठा गुण, कारण फळमाशीला इतके तापमान सोसत नाही आणि माणसाला छळणारे जंतू मात्र याच तापमानात आपले खरे दात दाखवतात. त्यानंतर सुरू होते रंगाचे वाचन. सायीचा रंग आधी मळतो, मग करडा होतो, ठिपके येतात, ठिपके एकमेकांत मिसळतात, आणि संसर्ग जिंकला तर अळी अखेर कोळशासारखी काळी आणि पिशवीसारखी लिबलिबीत होते. नवख्याला वाटते की काळेपणा म्हणजे विषाची खूण. खरे तर तो बचाव असतो. अळीच्या अंगात परक्याची चाहूल लागली की तिच्या द्रवातली निद्रिस्त विकरे जागी होतात, मेलॅनिन तयार होते, रक्तपेशी शत्रूभोवती गोळा होऊन गाठी बांधतात आणि त्या गाठींवर मेलॅनिनचा लेप चढतो. तो काळा रंग तिने स्वतः केलेला असतो. थोडा असेल तर तिने लढाई दिली असे वाचायचे, सर्वत्र पसरला तर लढाई तिच्याच अंगावर उलटली असे. या दोन वाचनांमधली सीमा कुठे आखायची हे कोणताही तक्ता पुरते सांगत नाही. माझ्या बोटांवरचा काळा रंग उजेडाने केलेला आणि तिच्या पाठीवरचा तिच्या देहाने. दोन्ही एकाच भिंगाखाली शेजारी शेजारी दिसत, तेव्हा मला उगाचच चुकल्यासारखे वाटे.

एका जिवंत अळीच्या आत काय चालले आहे ते पाहण्याची ही ओढ जुनी आहे. १८८२ साली मेसिनाच्या किनाऱ्यावर इल्या मेच्निकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांमध्ये गुलाबाचे काटे खुपसले आणि सकाळी उठून पाहिले, तर काट्यांभोवती फिरत्या पेशींची गर्दी झाली होती. पेशी जंतूंना गिळतात या कल्पनेचे मूळ त्या सकाळी आहे. पुढे १९०८ साली त्यांना नोबेल मिळाले ते पॉल एर्लिक यांच्यासोबत, ज्यांना नेमका शत्रूलाच लागणारा रासायनिक बाण हवा होता. आमच्या डिशमध्ये हे दोघेही एकाच वेळी हजर असतात, आणि खरी गोम तिथेच आहे. अळी वाचली तर ती कोणी वाचवली? चांदीने जिवाणू मारले, की चांदीच्या टोचणीने अळीचे स्वतःचे सैन्य जागे झाले? ही शंका हवेतली नाही. मेनूथमधूनच २००८ साली दाखवले गेले की अळ्यांना आधी नुसते जोराने हलवले तरी पुढच्या कँडिडा संसर्गाला त्या अधिक चांगल्या तोंड देतात. अन्नावाचून ठेवल्या तर उलट होते. म्हणजे डबा प्रवासात किती आदळला, भुशात किती दिवस गेले, मी त्यांना बोटांत किती दाबून धरले, हे सगळे अळ्यांच्या जगण्याच्या त्या सुंदर आलेखात कुठेतरी मिसळलेले असते. म्हणून संसर्गाविना केवळ चांदी टोचलेली एक डिश वेगळी ठेवायची, तिच्यातल्या अळ्यांच्या द्रवाचा थेंब काढून रक्तपेशी मोजायच्या, आणि पेशी वाढलेल्या दिसल्या तर औषधाचे कौतुक करताना जीभ आवरायची. मला विचाराल तर या क्षेत्रातले कितीतरी आनंद या एका डिशवाचून साजरे झालेले आहेत.

शिवाय चांदीपासून निसटणारे जंतूही आहेतच. १९७५ साली बॉस्टनच्या रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला जिवाणू आढळला होता, आणि तो गुण पेरणारी जनुके नंतर ज्यांनी उलगडली त्या अभ्यासकांत एकाचे आडनावच सिल्व्हर होते, सायमन सिल्व्हर. असे योग कल्पित कथेत कोणी मान्य करणार नाही.

आता अळीच का, या प्रश्नाकडे यायला हवे. अधिकृत उत्तर सोपे आहे. १९५९ साली रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी सांगितले की प्राण्यांवरचे प्रयोग शक्य तिथे टाळा, कमी करा, सौम्य करा. अळी ही त्या वाटेवरची पायरी आहे. काचेच्या नळीत चाललेली शंभर संयुगे थेट उंदरांपर्यंत नेण्याऐवजी मधे अळ्या ठेवल्या तर त्यांतली बहुतेक उंदरांपर्यंत पोहोचतच नाहीत. आणि अळीचे म्हणणे अगदीच परके नसते. २००० साली स्यूडोमोनास या जिवाणूच्या बदललेल्या वाणांवर झालेल्या अभ्यासात जे वाण उंदरांमध्ये निष्प्रभ ठरले होते ते अळ्यांमध्येही साधारण तसेच वागले. हे सगळे मला पटते. तरीही उंदरांसाठी भरावे लागणारे ते जाडजूड अर्ज, वेदनेच्या श्रेणी, प्रयोग कधी थांबवायचा याच्या अटी मी पाहिल्या आहेत, आणि अळ्यांसाठी काहीच भरावे लागत नाही हेही पाहिले आहे. युरोपच्या २०१०च्या नियमावलीत पाठीचा कणा असलेले प्राणी आहेत, कणा नसलेल्यांपैकी ऑक्टोपसच्या कुळाला जागा मिळाली आहे, कीटकांना नाही. सुई आत जाताना अळी जे अंग पिळवटते त्याला आम्ही ‘प्रतिसाद’ म्हणतो. तिला त्या वेळी काय होते, किंवा होत असे काही आहे की नाही, यावर मी मत देत नाही. पण सुईचा हात मी शक्य तितका हलका ठेवते, आणि त्याचे कारण केवळ चांगले आकडे मिळावेत हे नाही.

त्या सकाळी मात्र माझ्या मनात आधी आकडेच आले, आणि हेच मला आजवर सलते आहे. सातवी अळी जास्त मात्रेच्या गटातली होती. दहाच्या गटात एक अळी म्हणजे दहा टक्के. तिच्या जगण्या-मरण्याने आलेखाची पायरी एका बोटभर खाली किंवा वर जाते. डिश कोणत्या गटाची आहे हे मला मोजताना ठाऊक होते. खरे तर ते ठाऊक असता कामा नये. झाकणांवरच्या खुणा दुसऱ्या कोणीतरी बदलून ठेवायला हव्या होत्या. ठाऊक असल्यामुळे आपण संयुगाच्या बाजूने झुकतो आहोत की काय, या धास्तीने मी आदल्या संध्याकाळी उलट्या दिशेला झुकले आणि एका जिवंत अळीला कागदावर मारून टाकले. सकाळी रेशमाचे धागे दिसले तेव्हा आनंद झाला, मोठा झाला, आणि तो तिच्यासाठी होता की त्या पायरीसाठी, हे तपासायला मी थांबले नाही.

ती निश्चल का होती, याचा उलगडा अवघड नव्हता. कोषात जाण्यापूर्वी ही अळी काही काळ जवळजवळ दगड होते. डिवचले तरी उत्तर देत नाही. सदतीस अंशांच्या उबेने तिची घाई वाढवली असणार. म्हणजे ज्या निश्चलतेला मी मरण समजले ती रूपांतराची तयारी होती, आणि माझ्याकडे दोन्ही ओळखण्याचे साधन मात्र एकच, चिमट्याचे बोथट टोक. आमच्या गुणतक्त्यात कोषाला गुणही आहेत. पूर्ण कोषाला एक, अर्धवट कोषाला अर्धा. आदल्या दिवशी शून्यावर असलेली अळी आता उत्तम प्रकृतीच्या रकान्यात जात होती. जगण्याच्या आलेखाचे काय करायचे हा प्रश्न उरला. त्या आलेखाची रीत संख्याशास्त्रज्ञ कॅपलान आणि मायर यांनी १९५८ साली घालून दिली, आणि तिच्यात अशांसाठी एक जागा आहे. जो निरीक्षणातून निघून गेला पण मेला नाही, त्याला त्या क्षणापर्यंत जिवंत धरायचे आणि पुढे मोजणीतून वगळायचे; आलेखावर त्याच्यासाठी एक लहानशी उभी खूण करायची. कोषात गेलेल्या अळीला काही ठिकाणी याच खुणेत बसवतात. ‘मृत’ या शब्दावर मी एक आडवी रेघ ओढली, खालचा शब्द वाचता येईल अशी, कारण खोडरबर आणि पांढरी शाई या वहीला वर्ज्य आहेत. शेजारी तारीख, आद्याक्षरे, आणि ‘कोष’ हा दुसरा शब्द. मग उरलेल्या डिशमधल्या सगळ्या ‘मृत’ अळ्या पुन्हा एकदा डिवचून पाहिल्या. त्या मेलेल्याच होत्या.

पुढचे तीन दिवस मोजणीला गेले की मी आधी त्या खाचेकडे पाहत असे. धाग्यांचे जाळे झाले, जाळ्याची भिंत झाली, आणि मग आतले दिसेनासे झाले. मेणपतंग बाहेर येतो तेव्हा त्याला तीनशे किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, असे २०१३ साली दिसून आले. ज्ञात प्राण्यांत इतके वरचे कोणालाच ऐकू येत नाही. आपले कान वीसवर संपतात. त्या कोषात असे कान घडत असतील, हा विचार मी एकदा केला आणि पुन्हा केला नाही, कारण पतंग बाहेर येऊ द्यायचा नव्हता. तिच्या अंगात जिवाणू होते, आणि तिच्या जातीला कोणत्याही पोळ्याच्या आसपास सोडणे हा वेगळाच गुन्हा झाला असता.

पाचव्या दिवशी शेवटची मोजणी झाली. शिरस्त्याप्रमाणे जिवंत, मेलेल्या, आधी काढून ठेवलेल्या, सगळ्या एका जाड पिशवीत घालून शून्याखालच्या गारठ्यात ठेवायच्या होत्या. कोष कागदासारखा कोरडा लागला, पण काचेला असा चिकटला होता की सोडवताना चिमट्याला जोर द्यावा लागला आणि थोडे रेशीम खाचेत तसेच राहिले. सहा डिशांच्या मिळून साठ भरायला हव्या होत्या. पिशवीला गाठ मारण्यापूर्वी मी त्या कोषासकट पुन्हा एकदा मोजल्या. साठ होत्या.